डाव्या चाकाचा आवाज

आवाज सुरभीला पहिल्यांदा ऐकू आला तो भिसेखिंडीत. नागोठण्याहून रोह्याकडे जाताना एका उजव्या वळणावर डाव्या पुढच्या चाकाकडून बारीक टिक टिक टिक असं वाजलं. वळण संपलं आणि आवाजही थांबला. तिनं रेडिओ बंद केला, काच खाली केली. पुढच्या उजव्या वळणावर पुन्हा तेच.

रोह्याजवळ धाटावला एका कंपनीच्या लॅबमध्ये ती केमिस्ट होती. घर पेणजवळ, खाडीकडच्या गावात. शिफ्टच्या वेळा रेल्वेशी जुळत नसत, म्हणून घरची वीस वर्षांची जुनी गाडी ती चालवायची. नवरा मिथुन गुजरातेत साइटवर, महिन्यातून दोन दिवस घरी. गाडीचं सगळं सासरे बघायचे. काळुराम तीस वर्षं धाटावलाच दुसऱ्या एका कंपनीत फिटर होते. चालत्या पंपाला लांब पेचकस टेकवायचा, मूठ कानाशी धरायची आणि कोणतं बेअरिंग जाणार ते सांगायचं, अशी त्यांची ख्याती होती. सुट्टीच्या दिवशीसुद्धा कंपनीची जीप त्यांना न्यायला दारात यायची, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी घरी येताच सुरभीनं त्यांना सांगितलं. काळुरामनी चहा अर्धा ठेवला, चावी घेतली आणि गावाबाहेरच्या मैदानात गाडी गोल फिरवून आणली.

"काय आवाज नाय," ते म्हणाले.

"बाबा, उजवीकडे वळताना येतो."

"उजवीकडंच वळवली. नाय आवाज."

दुसऱ्या दिवशी आवाज होताच. तिसऱ्या दिवशीही. तिनं पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा मैदानात फेरी मारली. या खेपेला ते जरा तुटकपणे बोलले. "जुनी गाडी हाय सुरभी. पत्रा वाजतो, दारं वाजतात. सगल्याला आवाज म्हणायचं नाय."

तरी रविवारी त्यांनी बोनेट उघडलं. प्लग काढून घासले, एअर फिल्टर झटकला, सायलेन्सरची सैल पट्टी आवळली. दिवसभर गाडीभोवती त्यांचं काही ना काही चाललेलं असे. रिटायर झाल्यापासून त्यांना एका जागी बसवतच नसे. पण चाकाकडे ते गेले नाहीत. जिथं आवाजच नाही तिथं शोधायचं काय?

सुरभीची मात्र झोप उडायची वेळ आली. खिंड जवळ आली की तिचे हात स्टेअरिंगवर घट्ट व्हायचे. ती वळणं मोजायची. लॅबमध्ये नमुने फिरवणारं यंत्र चालू झालं की त्याच्या घरघरीतही तिला टिक टिक ऐकू यायची, मग ती यंत्र बंद करून बघायची. आपल्याला भास होतोय का, असं वाटून तिनं एकदा प्रतिक्षाला विचारलं. प्रतिक्षा तिच्याच लॅबमधली, नागोठण्याला गाडीत बसायची.

"केव्हाचं विचारीन म्हणत होते," प्रतिक्षा म्हणाली. "माझ्या बाजूनंच येतोय की. काय आहे ते?"

म्हणजे भास नव्हता. सुरभीनं फोनवर आवाज रेकॉर्ड केला आणि घरी सासऱ्यांना ऐकवला. त्यांनी फोन हातात घेतला, कानाला लावला, परत दिला.

"फोनची खरखर हाय ती."

"मी गाडी रोह्याच्या गॅरेजमध्ये दाखवू का?"

सासूबाई, काशीबाई, ओट्यावर सुकट निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. थोड्या वेळानं काळुराम उठून मागच्या दारी गेले आणि तिथं हातोडीनं काहीतरी ठोकायला लागले. सुरभीला आपण बोलून बसलो ते टोचत राहिलं. रागही आला. इतकं सांगूनही माणूस ऐकत का नाही?

पुढच्या शनिवारी तिची दुसरी शिफ्ट होती. सकाळी थंडी होती, दवानं गाडी चिंब झालेली. काळुराम बोनेटमध्ये वाकून बॅटरीची टोकं साफ करत होते. "चालू कर," ते म्हणाले. तिनं चावी फिरवली.

इंजिनाचा ओला झालेला पट्टा किंचाळला. असा कर्कश, लांबलचक, की ओट्याखालचा कुत्रा उठून पळाला आणि शेजारच्या ठमाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. सुरभीनं खांदे आखडले. काळुरामनी मान वर केली नाही. त्यांचा चेहरा पट्ट्यापासून हातभरच लांब होता. त्यांनी डावा तळवा इंजिनावर टेकवला, क्षणभर तसाच ठेवला आणि मग शांतपणे विचारलं, "झाली काय चालू?"

सुरभी गाडीत तशीच बसून राहिली. गेल्या वर्ष-दोन वर्षांतल्या कितीतरी गोष्टी तिच्या डोळ्यांपुढून गेल्या. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायची त्यांची सवय. मिथुनचा फोन आला की "तुझ्या आईशी बोल" म्हणून लगेच पुढे करणं. लग्नाकार्याला गेलं की कोपऱ्यात एकटं बसणं. ती गाडी बंद करून आत गेली.

काशीबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. "आई," ती हळू म्हणाली, "बाबांना पट्ट्याचा आवाज आला नाही."

काशीबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. "तुला आता कललं. मला तीन वर्सं झाली गो."

"मग मिथुनला का नाही सांगितलंत?"

"त्यांनी शपथ घातली ना. म्हणाले, फिटरचा कान गेला म्हणजे फिटर गेला. जाडा आवाज येतो त्यांना. आपण बोलतो त्यातलं अर्धं येतं, अर्धं तोंड बघून जमवतात. बारीक काय येत नाय." त्यांनी भाकरी उलटली. "तू बोलू नको. बोललीस तर जेवायचे नायत."

सुरभीला आता आणखीनच चैन पडेना. इतके दिवस ते ऐकत नव्हते, कारण त्यांना ऐकू येतच नव्हतं. आणि आपण त्यांना फोन कानाला लावायला दिला. पण गाडी तर चालवायची होती. उद्या खिंडीत काही झालं तर प्रतिक्षाही शेजारी असणार. बोलायचं नाही आणि गप्पही बसायचं नाही, असा मार्ग तिला सापडेना. अंगणात ती दोन-तीन चकरा मारून आली. शेवटी गाडीत बसून तिनं स्टेअरिंग शेवटपर्यंत उजवीकडे फिरवलं, खाली उतरली, पोतं अंथरलं आणि डाव्या चाकामागे मोबाइलचा उजेड पाडला.

काय बघायचं ते तिला ठाऊक नव्हतं. पण चाकाच्या आतल्या बाजूला सगळीकडे काळं ग्रीस उडालेलं होतं. चाकात शिरणाऱ्या दांड्यावर रबरी, चुण्यांचं आवरण होतं, फिटर लोक त्याला बूट म्हणतात, आणि त्याची आतली चुणी फाटून तोंडासारखी उघडी पडली होती. तिनं बोट घातलं. बोटाला ग्रीस आणि चरचरीत वाळू लागली.

"बाबा," तिनं हाक मारली, मग उठून त्यांच्या समोर गेली आणि ते बघताहेत याची खात्री करून म्हणाली, "जरा इकडे येऊन बघता?"

काळुराम पोत्यावर आडवे झाले. बराच वेळ ते तसेच होते. उठले तेव्हा तिच्याकडे न बघता म्हणाले, "दांड्याचा जॉइंट खाल्लाय वालूनं. हा आवाज करत असंल."

"करतो."

"किती दिवस झाले?"

"तीन आठवडे."

"मी दोनदा फिरवली." ते हात फडक्यानं पुसत राहिले. स्वच्छ झालेलं बोटही पुन्हा पुसत राहिले. "आवाज आला असता तर पयलं हेच बगितलं असतं. गॅरेजातल्या पोराला पण कललं असतं. उजवीकडं वलताना टिकटिक म्हणजे दुसरं काय असतं?"

काळुरामनी फडकं बोनेटवर ठेवलं, चपला घातल्या आणि खाडीच्या बांधाच्या दिशेनं चालू लागले.

तिनं त्या दिवशी रजा टाकली. जेवणाची वेळ झाली, काळुराम आले नाहीत. काशीबाई तीनदा दारापर्यंत जाऊन आल्या. "बोलू नको म्हनलं होतं ना गो," त्या एकदा म्हणाल्या, मग स्वतःच म्हणाल्या, "तू तरी काय करशील." दोघींनी ताटं वाढून झाकून ठेवली. शेवटी सुरभीच बांधावर निघाली. उघडीवर, जिथं भरतीचं पाणी अडवायला लाकडी दारं बसवली आहेत, तिथं काळुराम बसलेले दिसले. तिनं त्यांच्या समोर जाऊन उभं राहायचं ठरवलं होतं. त्याआधीच त्यांनी तिला पाहिलं.

"हितं पाणी पडतं ना दारावर," ते म्हणाले, "त्याचा धबधबा येतो मला. चिमण्या येत नायत. कधीपासून ते ठावं नाय. एके दिवशी ध्यानात आलं, की येत नायत."

"आईंनी सांगितलं मला. आजच."

"ती सांगणारच." त्यांना राग आलेला दिसला नाही. "कंपनीतून निघताना तपासणी झाली होती. डॉक्टरनं कागद दिला, मोठ्या डॉक्टरला दाखवा म्हणून. मी तो कागद फाडला. आणि तुला सांगितलं, आवाज नाय." ते उठले. "त्या खिंडीत चाक फिरायचं थांबलं असतं तर? मागनं भरलेले टँकर येतात."

ते पुढे आणि ती मागे, अशी दोघं घरी आली. ते जेवले नाहीत. आधी पेणला जाऊन दुकानातून जॉइंट, बूट आणि ग्रीसचं पाकीट घेऊन आले, तेही शेजाऱ्याच्या स्कूटरवर, कारण आपली गाडी ते आता गेटबाहेर काढायला तयार नव्हते.

काम दुपारी तीनला सुरू झालं. चाकाच्या मधला मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचा होता. सुरभीनं ब्रेक दाबून धरला. काळुरामनी पान्याला पाइप जोडला आणि त्यावर उभे राहिले. नट हलेना. काशीबाई बाहेर आल्या, "उतरा खाली, पाय मोडंल" म्हणाल्या. तिसऱ्या झटक्याला नट कचकन सुटला आणि ते भिंतीचा आधार घेत खाली आले. मग मागच्या चाकांना दगड, पुढे जॅक, जॅकशेजारी लाकडाचा ठोकळा. दांडा बाहेर आला. हातोडीच्या दोन ठोक्यांत जुना जॉइंट निघाला. त्यातल्या गोळ्या खडबडीत झाल्या होत्या. काळुरामनी एक गोळी तिच्या तळव्यावर ठेवली.

"हात फिरव. काय लागतं?"

"खड्डे आहेत."

"मग? कानानं नाय कललं तरी हातानं कलतं." नवा जॉइंट ग्रीसनं भरताना ते पहिल्यांदाच थोडे सैल झाले. चाक बसवायच्या आधी त्यांनी तळवा स्प्रिंगवर ठेवला आणि तिला चाक ज्यावर बसतं तो गोल भाग फिरवायला सांगितला. "बेअरिंग चांगला हाय. खरखर असती तर हिकडं थरथर आली असती. तू पण हात ठेव." तिनं ठेवला. काहीच लागलं नाही, ते चांगलं होतं असं त्यांनी सांगितलं.

ऊन उतरल्यावर दोघं मैदानात गेली. तिनं स्टेअरिंग शेवटपर्यंत उजवीकडे फिरवून हळूहळू गोल घेतले.

"आला?"

"नाही."

"नीट ऐक. घाई करू नको."

"नाही येत, बाबा."

"डावीकडं वलव. आता?"

सात गोल झाले तरी ते विचारतच होते. आठव्या गोलात तिनं गाडी थांबवली आणि त्यांच्याकडे वळून म्हणाली, "बुधवारी रोह्याला कानाचे डॉक्टर येतात. माझी पहिली शिफ्ट आहे, दुपारी सुटेन. चलाल?"

ते समोर बघत राहिले. तिला वाटलं, ऐकू गेलं नाही. ती पुन्हा बोलणार तेवढ्यात ते म्हणाले, "मिथुनला मीच सांगीन. तू सांगू नको."

बुधवारी ते गेले. आदल्या दिवसापासून त्यांनी अंगणातले पाने-पेचकस दोनदा पुसून ठेवले होते. डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून तपासलं आणि कागदावर एक रेघ काढून दाखवली. ती आधी सरळ होती आणि नंतर एकदम खाली घसरली होती. गेलेलं परत येणार नव्हतं, पण कानात घालायच्या यंत्रानं बरंच भागणार होतं. काळुरामनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. या खेपेला फाडला नाही.

महिन्याभरानं यंत्रं आली. घरात शांतता होईल असं सुरभीला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. काळुरामना आता सगळंच ऐकू यायला लागलं. फ्रिज वाजतो म्हणून त्यांनी त्याच्या पायाखाली रबर घातलं. पंख्याचे स्क्रू आवळले. दोन दारांच्या बिजागरांना तेल दिलं, काशीबाईंच्या जोडव्यांवरून एकदा वाद घातला, आणि कंटाळून यंत्रं काढून दोन दिवस कपाटात ठेवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा लावली. मिथुनशी फोनवर मात्र ते आता स्वतः बोलत.

मार्चमधल्या एका सकाळी सुरभी शिफ्टला निघाली होती. गाडी गेटपाशी आली तशी काळुरामनी हात वर करून थांबवली. ते वाकले, चाकाशी कान नेला, मग दाराशी.

"काहीतरी वाजतं. आतून."

सुरभीनं शेजारच्या सीटवरची पिशवी उचलून हलवली.

"डब्यातला चमचा आहे, बाबा."

ते सरळ उभे राहिले. "बरं," म्हणाले, आणि तरी एकदा गाडीभोवती फेरी मारून आले.