अस्तरातला कापूस

बिशप गेल्याची बातमी मास्तरला सकाळीच कळली. पहिलं त्यानं काय केलं असेल, तर मापाची वही मशीनच्या खणात ढकलली आणि खण घट्ट लावून घेतला. जणू वहीला पाय फुटणार होते.

मास्तर म्हणजे शिंपी. जन्मात शाळेची पायरी चढला नाही, पण गळ्यात टेप पडली की माणूस आपोआप मास्तर होतो. तीस वर्षं बिशपांचे झगे त्यानंच शिवले. पहिला झगा शिवला तेव्हा ते साधे फादर होते. पुढे बिशप झाले, तरी मास्तरच्या तोंडी फादरच राहिले. येता-जाता दुकानात डोकावायचे, "काय मास्तर, आज कुणाची कंबर कापताय?" ज्याच्या दारात कुणी उभं राहत नसे, त्याच्याकडे हा माणूस जेवायला जायचा. आज सगळं गाव रडत होतं आणि मास्तरला रडायचीही चोरी झाली होती.

आठ महिन्यांमागे बिशप नव्या झग्यासाठी आले होते. मास्तरनं कंबरेला टेप लावली. काढली. पुन्हा लावली. अडतीसची बत्तीस.

"फादर, टेप आटली की तुम्ही?"

"दोघंही म्हातारे झालो," बिशप हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आतून थोडं भरता येईल का हो? बहिणीच्या नजरेला आलं, तर ती मला उचलून दवाखान्यात नेऊन टाकेल. कामं पडलीत अजून."

"कुणाला दाखवा तरी."

"दाखवतो. पण ही गोष्ट दुकानाबाहेर जायला नको."

गिऱ्हाइकाचं माप चारचौघांत बोलायचं नाही, हा धंद्यातला पहिला धडा. मास्तर गप्प राहिला. नुसता गप्प राहिला असता तरी एक वेळ चाललं असतं. त्यानं हुन्नर पणाला लावला. खांद्यावर, छातीवर, कंबरेभोवती, कापड आणि अस्तराच्या मध्ये कापूस पसरून बारीक धावदोरा घातला. रविवारी चर्चमध्ये जो तो म्हणाला, "बिशपांनी तब्येत कमावली!" ते ऐकून मागच्या बाकावर मास्तरची छाती फुगली होती. आज ते आठवलं आणि त्यानं खण पुन्हा एकदा दाबून बघितला.

दुपारी ताई आल्या. ताई म्हणजे बिशपांची धाकटी बहीण. त्यांचं घर त्याच सांभाळायच्या. काखेत तोच झगा.

"मास्तर, हाच घालायचाय त्याला. पण अंगावर ठेवला तर बसतच नाही. झोपलेल्या माणसावर दुसरा माणूस ठेवल्यासारखा वाटतो. जरा आत घ्या." त्यांनी झगा टेबलावर ठेवला. "आणि एवढा जड कसा? थंडीसाठी भरलात होय?"

एक 'हो' म्हटलं की सुटका होती. 'हो' ओठांपर्यंत आलंही. मास्तरनं ते गिळलं, खण उघडला आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. "नाही ताई. हे बघा. कंबर सहा इंच उतरली होती. तुम्हाला दिसू नये म्हणाले. मी दिसू दिलं नाही."

ताईंनी आकड्यावर बोट ठेवलं, तारखेवर ठेवलं आणि स्टुलावर बसल्या.

"डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी आणलं असतं तर..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं.

"शिव्या द्या, ताई."

"तोंडात मावत नाहीत एवढ्या आहेत." त्यांनी झगा जवळ ओढला. "हा झगा तो मला धुवायला देत नव्हता. आपला आपण धुवायचा. आणि मी वेडी शेजारणीला कौतुकानं सांगायची, बिशप असून बघा कसा..." त्यांनी डोळे पुसले. "उसवा. माझ्यासमोर उसवा."

मास्तरनं ब्लेड घेतलं. स्वतःचेच टाके, पण सुटता सुटेनात; इतके नेटके घातले होते. कापूस निघत गेला, टेबलावर साठत गेला. शेवटी झगा रिकामा, चपटा पडला आणि शेजारी कापसाचा ढीग उरला.

"आता नेमकं माप लागेल," मास्तर खालमानेनं म्हणाला.

"मग चला. टेप घ्या." ताई उठल्या. "माफीबिफी आत्ता मागू नका, माझ्याकडे नाही. पण या खेपेला आकडा मोठ्यानं सांगायचा. मला ऐकू येईल असा."

बिशपांच्या खोलीत चार-पाच माणसं होती. मास्तर गुडघ्यांवर बसला. त्या थंड कंबरेखालून त्यानं टेप सरकवली. टोकं जुळली. धंद्यात पहिल्यांदाच त्यानं चारचौघांत तोंड उघडलं.

"सत्तावीस," तो म्हणाला.

"मोठ्यानं," दारातून ताई म्हणाल्या.