मागच्या दारचं पाणी

बादली आडाच्या तळाशी खडकावर आपटली आणि सोयराबाईंनी दोर हिसक्यानं वर ओढला. अर्धी बादली, तीही गढूळ. त्यांनी पदराची चौघडी केली, दगडी डोणीवर धरली आणि पाणी गाळून आत सोडलं. डोणीतल्या निळ्या लडी दाबून पाहिल्या. अजून बुळबुळीत होत्या. रंग बसला होता, पण क्षार निघाला नव्हता. क्षार राहिला की सूत आतून कुजतं आणि मागावर चढलं की तटातट तुटतं. मल्लाप्पा विणकरानं दिवाळीच्या लुगड्यांसाठी दिलेलं सूत होतं हे. ते वाया गेलं तर तो पुन्हा या दारात सूत टाकणार नव्हता, आणि दुसरं कुणी टाकत नव्हतंच.

हात लडी खळबळू लागले तशी सवयीनं ओठांवर ओवी आली. सासूबाई म्हणायच्या ती.

आभाळाचं पाणी उतरलं तळ्यात,
तळ्याचं गं पाणी आडाच्या गळ्यात,
आडाचं पाणी माझ्या सुताच्या लडीत,
लडीचं गं पाणी वाऱ्याच्या घडीत.

आज पहिल्या ओळीलाच आवाज अडला. तळ्यात म्हणे. कुठल्या तळ्यात?

रंगारी गल्लीच्या वरच्या अंगाला तळं होतं. सगळे त्याला केरे म्हणत. एका उन्हाळ्यात बांधाला खिंडार पाडलं, वरून येणारा ओढा दगडी गटारात घातला, लॉऱ्यांनी माती ओतली आणि मातीवर खुंट्या ठोकून घरांसाठी साइटी पाडल्या. तेव्हापासून पाऊस यायचा तो उभ्या उभ्याच निघून जायचा, चपला न काढणाऱ्या पाहुण्यासारखा. आधी बगळे गेले. मग बेडकांचा आवाज गेला. मग परसातला मोगरा वाळला, आणि आता आड.

"वैनी!"

त्रिविक्रम दारात उभा होता, हातात घासून लख्ख केलेला कलश. सोयराबाई लग्न होऊन आल्या तेव्हा हा धाकटा दीर त्यांच्या हातून घास घेत होता. आता कचेरीत कारकून होता. तळं बुजवा, डास मरतील, म्हणून दारोदार सह्या गोळा करत तोच हिंडला होता, आणि बुजलेल्या तळ्यातली एक साइट त्यालाच मिळाली होती. तिच्यावर घर उभं राहिलं होतं.

"उद्या गृहप्रवेश. विसरला नाहीत ना?"

"विसरायला दिलंस कुठं?"

"आपल्या आडाचं पाणी भरून तुम्ही पुढं, आम्ही मागं. थोरल्या सुनेनं आडाचं पाणी आत नेल्याशिवाय आपल्यात कुणी नव्या घरात पाऊल टाकत नाही, माहीत आहे तुम्हाला."

"नळाचं घाल की. नळ येणार म्हणून गल्लीभर नाचत होतास."

"नळाचं चालत नाही हो."

"का बरं? त्यात तर डासही नसतात."

त्रिविक्रम हसला. "स्वल्प राग गिळा की आता. एक कलशच तर मागतोय."

"एक कलश!" सोयराबाईंनी आडाकडे हात केला. "ये, वाकून बघ. तुझ्या बापानं या कठड्यावर बसवून आंघोळ घातली तुला. बघ आत काय उरलंय ते."

तो वाकला नाही. "पाऊस कमी झाला, त्याला मी काय करू?"

"पाऊस कमी झाला? श्रावणात गल्लीत गुडघाभर पाणी होतं, तुझीच सायकल वाहून चालली होती. कुठं गेलं ते? पाणी वर जातं, खाली येतं, कुठं तरी बसतं, तेव्हा आपल्या वाट्याला येतं. तू त्याचा बसायचा पाटच काढून घेतलास आणि आता विचारतोस, पंगत का उठली!"

ओसरीवरून नवऱ्याचा, ज्योतिबांचा, खोकला आला. मग आवाज. "सोयरा, घरचं कार्य आहे ते."

"मी नाही कुठं म्हटलं?" त्यांनी दिराकडे पाहिलं नाही. "ठेव तो कलश. आणते."

पहाटे आडानं पुन्हा अर्धीच बादली दिली. सोयराबाईंनी एकदा कलशाकडे पाहिलं, एकदा डोणीकडे. पाणी लडींवर ओतलं. मग रिकाम्या कलशात आंब्याची पानं खोचली, वर नारळ ठेवला. नारळाखाली कोण वाकून बघणार? त्रिविक्रमाच्याच घरचं नळाचं पाणी आत ओतायचं, त्याचंच त्याला पाजायचं, असं मनाशी ठरवून त्या पदर खोचून निघाल्या.

नव्या घराच्या पुढच्या दाराशी सनईवाला बसला होता, पाहुणे जमत होते. सोयराबाई वळसा घालून मागच्या दारी गेल्या. तिथं त्रिविक्रमाची बायको चंपा, नवं लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेऊन, एका फळीवर गोणपाट अंथरत होती. त्यांना पाहताच दचकली.

"अक्का! तुम्ही इकडून?"

"तांब्याभर पाणी दे नळाचं. काय लपवतेस गं?"

चंपाचे डोळे एकदम भरले. तिनं फळी सरकवली. खाली तुळशीकट्ट्याच्या पायासाठी घेतलेला खड्डा होता, आणि त्यात काठोकाठ पाणी. वर गाळ नाही, शेवाळ नाही. नितळ.

"रोज उपसते. रोज भरतं," ती कुजबुजली. "ह्यांना सांगितलं नाही. सगळी जमापुंजी या भिंतींत गेलीय, अक्का. मला वाटलं, तुमचा तळतळाट लागला."

सोयराबाई काठावर बसल्या. ओंजळ भरून पाणी तोंडाला लावलं आणि बराच वेळ गिळलंच नाही.

"माझा तळतळाट इतका गोड असता," शेवटी त्या म्हणाल्या, "तर मी तो घरच्या आडात नसता का सोडला?"

त्यांनी नारळ बाजूला केला आणि कलश खड्ड्यात बुडवला.

सनई वाजली. सोयराबाई पुढे, कुटुंब मागे, असं सगळं रीतीप्रमाणे झालं. भटजींनी मंत्र म्हटले, घरभर पाणी शिंपडलं, आणि पळीभर तीर्थ त्रिविक्रमाच्या तळहातावर घातलं. त्यानं ते डोळे मिटून घेतलं, ओला हात केसांवरून फिरवला.

"आमच्या आडाचं आहे," तो पाहुण्यांना म्हणाला. आवाज जरा ओला झाला होता. "डोळे बांधून दिलं तरी ओळखीन मी."

"ओळखलंस?" सोयराबाईंनी विचारलं.

"म्हणजे काय, वैनी! ह्याच पाण्यावर वाढलो."

"सरी, असू दे."

त्या उठून स्वयंपाकघरातून मागच्या दारी गेल्या. पाठोपाठ फळी सरकल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा कमरेवर तांब्याची भरली घागर होती आणि लुगडं अर्धं भिजलं होतं. पाहुण्यांच्या मधून, नव्या लाल जमिनीवर थेंब सांडत, त्या सरळ पुढच्या दाराकडे निघाल्या.

त्रिविक्रम आडवा आला. "वैनी, हे काय? भरली घागर घराबाहेर नेत नाहीत. आज तर नाहीच नाही!"

"आणि भरलं तळं? ते कोणत्या मुहूर्तावर नेलंस?"

सनईवाल्यानं सनई मांडीवर ठेवली.

"क्षारात सूत पडलंय माझं. तू आता प्यालास ते पाणी तुझ्याच मागच्या दारी आहे, फळीखाली. आडात नाही. जा, वाकून बघ."

त्रिविक्रम बायकोकडे वळला. चंपानं मान खाली घातली नाही.

शेजारच्या साइटीवरचे देवाप्पा भिंतीला टेकून उभे होते. ते घसा खाकरून हळूच म्हणाले, "आमच्यातबी हाय, अक्का. देवघरात. पोतं टाकून ठेवलंय."

त्यांच्या बायकोनं त्यांना कोपरानं ढोसलं. दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि नजरा वळवल्या.

सोयराबाईंनी उंबरा ओलांडला.

आत भांड्याचा आवाज झाला. चंपा दुसरी घागर घेऊन मागच्या दारातून येत होती. तिला सवय नव्हती. घागर कमरेवर नीट बसत नव्हती, पाणी हिंदकळत होतं.

"चंपा," त्रिविक्रम म्हणाला.

ती थांबली नाही. "एका घागरीत सूत धुऊन होत नाही हो," म्हणाली, आणि मोठ्या जावेच्या मागोमाग रस्त्याला लागली.