श्यामरावांची पायरी

बाबांची बायपास दुसऱ्या दिवशी सकाळी होती, आणि आईचं मंगळसूत्र वाढलं. तुटलं म्हणायचं नसतं. हॉस्पिटलच्या बाकावर मणी रुमालात गोळा करत ती म्हणाली, "ऋता, हे ओवल्याशिवाय मी त्यांच्यासमोर जाणार नाही."

"दे, मी ओवते."

"तू नाही. पटवेकऱ्याकडूनच."

कोलकात्यात बायका पांढऱ्या-लाल बांगड्या घालतात. काळे मणी ओवणारा शोधायचा कुठे? सर्चमध्ये सोनारांची दुकानं आली, आणि तळाशी बौबाजारातलं एक नाव, लाल अक्षरांत: कायमचे बंद. इथल्या मराठी लोकांच्या फेसबुक ग्रुपवर विचारलं, तर सगळ्यांनी तेच नाव दिलं. विट्याहून सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांबरोबर आलेले श्यामराव. "डोळे मिटून जा," विनीताकाकूंनी लिहिलं. काकूंची बदली कधीच नागपूरला झालीय, म्हणून मी बाकीच्यांच्या तारखा पाहिल्या. मुग्धा नावाच्या मुलीनं गेल्याच महिन्यात फोटो टाकला होता: 'आईचं ओवून आणलं.' एवढा ताजा पुरावा. सर्चच चुकलं असणार.

शटरला गंजलेलं कुलूप होतं. समोरचा सोनार हिंदीत म्हणाला, "परत तुम्ही लोक! श्यामराव दादू कोविडमध्येच गेले."

"पण गेल्या महिन्यात एक मुलगी..."

"आली होती ना. रडली, त्या पायरीवर बसली, मग माझ्याकडून दोरा मागून नेला. तुम्हालाही देऊ?"

मी बसले. ओवताना एक मणी पायरीच्या फटीत गेला. केसातल्या पिनेनं उकरलं, तर मूठभर निघाले. काही धुळीनं पांढरे, काही अजून चकचकीत. आमचा कोणता, ओळखता येईना. त्यातला एक ओवला. पाठीमागचं शटर हलकेच वाजलं. ट्राम गेली असेल, असं मी ठरवलं. त्या गल्लीत ट्राम नाही.

आईनं गाठ चाचपून पाहिली. "श्यामरावांनीच ओवलं ना?"

"हो."

"कसे आहेत?"

"थकलेत."

तिचा चेहरा निवळला. मंगळसूत्र गळ्यात घालून ती बाबांच्या खोलीत गेली.

ग्रुपवर अश्विनी नावाच्या कुणीतरी विचारलं होतं, 'श्यामराव भेटले का? मलाही उद्या जायचंय, तातडीचं आहे.'

आईही त्या ग्रुपवर होती. दाराच्या काचेतून ती दिसत होती, बाबांच्या उशाशी, एक हात गळ्यापाशी.

मी लिहिलं, 'भेटले.'