रिकामा न परतणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना पितळी डबा आहे. मला जुना म्हणा, माझी हरकत नाही. फक्त भंगार म्हणू नका. भंगारवाल्याच्या तराजूत मी एकदा बसून आलो आहे आणि तो अपमान मी अजून विसरलेलो नाही.

माझा जन्म तांबटाच्या दुकानात झाला. अंगावर इतके ठोके बसले की मोजायचे सोडून दिले, पण त्या ठोक्यांमुळेच मी टिकलो. पुढे चंद्रभागाबाईंच्या लग्नात मी रुखवतात बसलो आणि त्यांच्याबरोबर पाटोद्याजवळच्या या वाडीत आलो. चाळीस वर्षे मी त्यांची भाकरी वाहिली. शेतात गेलो, ऊसतोडीला गेलो, कारखान्याजवळ उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत राहिलो. शेजारणीकडे कालवण घेऊन गेलो, तिच्याकडचं काहीबाही घेऊन परत आलो. मला वाटायचं, आपल्यावाचून या घराचं पानही हलत नाही.

मग घरात स्टील आलं. मी फळीवर गेलो. माझ्या पोटात गंजके खिळे, तुटलेली कडी आणि एक बिनकाट्याचं घड्याळ राहायला आलं. कल्हई उडाली. एकदा घरच्या पोरांनी मला भंगारवाल्याला दिलंही होतं, पण चंद्रभागाबाईंनी तराजूतून उचलून परत आणलं. त्यानंतर पुन्हा फळी.

आमच्या वाडीची एक रीत तुम्हाला सांगितली पाहिजे. दिवाळी झाली की ट्रक आणि ट्रॅक्टर येतात आणि निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मागे राहतात म्हातारी माणसं. त्यांची सोय म्हणून वर्षाराणी नावाच्या बाईने देवळामागच्या खोलीत स्वयंपाकघर सुरू केलं आणि त्यासाठी काढलेल्या मंडळाला ‘सोबत’ हे नाव दिलं. लोकांनी विचारलं, "वर्गणी किती द्यायची?"

ती म्हणाली, "असली तर द्या. नसली तर घरात जे हाय ते द्या. काहीच न्हाई असा माणूस मला दाखवा."

असा माणूस तिला कुणी दाखवू शकलं नाही. कुणी ज्वारीची पायली आणली, कुणी सरपण. एका न्हाव्याने आठवड्यातून एक सकाळ म्हाताऱ्यांच्या दाढीला दिली. कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी कुणाच्या सुईत दोरा ओवून दिला, कुणाला फोन लावून दिला. चंद्रभागाबाईंनी फळीवरून मला उतरवलं आणि म्हणाल्या, "माझ्याकडं ह्यो हाय."

खरं सांगतो, मला लाज वाटली. आतून मी हिरवा पडलो होतो. माझ्यात कालवण ठेवलं असतं तर लगेच कळकलं असतं. पण पाटोद्याच्या बाजारातला सटवा कल्हईवाला आला, त्याने मला विस्तवावर धरलं, नवसागर टाकला, कथील फिरवलं आणि मजुरी घेतली नाही. "हे माझ्याकडून," एवढंच बोलला. मी आतून असा लखलखलो की शेजारच्या स्टीलच्या डब्यांची तोंडं बघण्यासारखी झाली.

डबे पोचवायचं काम सुग्रीवमामांकडे होतं. मामा एसटीत कंडक्टर होते. नोकरी संपली, पण कंडक्टर काही त्यांच्यातून उतरला नव्हता. लुनाला दोन पिशव्या अडकवून ते तेवीस डबे न्यायचे आणि निघताना घंटीची दोरी नसल्याने स्वतःच तोंडाने "डबल" म्हणायचे. पहिल्याच आठवड्यात दोन डबे गायब झाले. एकात कुणी तंबाखू भरून ठेवली होती, दुसऱ्यात हळद. मामा संतापले. त्यांनी लाल रंग आणून प्रत्येक झाकणावर लिहिलं, ‘डबा रिकामा व धुऊन परत द्यावा’. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना ते दारात उभं राहून वाचून दाखवायचे.

त्यानंतर माझ्या वाट्याला रुक्मिणीबाई आल्या. त्यांचा मुलगा रामहरी आणि सून ऊसतोडीला गेले होते. पहिल्या दिवशी मामांनी मला त्यांच्या हातात दिलं आणि झाकण वाचून दाखवलं.

रुक्मिणीबाईंनी विचारलं, "रिकामा?"

"रिकामा."

"चार शेंगा टाकते की त्यात."

"काही टाकायचं न्हाई, मावशी. नियम हाय."

संध्याकाळी मामा परत आले तेव्हा मी होतो तसाच भरलेला होतो. भाकरी कडक, आमटी गार. "भूक न्हाई," रुक्मिणीबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मी पाहत होतो ना, त्या दिवसातून एकदा शिळा तुकडा पाण्यात कालवून खायच्या आणि माझ्याकडे पाठ करून बसायच्या. मला वाटलं, माझ्या कल्हईतच काही खोट असेल. मी नेहमी असाच, आधी स्वतःचाच विचार करतो.

चौथ्या दिवशी हापशावर त्यांना भोवळ आली. मामांनी त्यांना उठवून घरी आणलं आणि रामहरीला फोन लावला.

रामहरी म्हणाला, "आई, परवापर्यंत तू जेवली न्हाईस तर म्या गाडी धरून येतो."

आता यात काय मोठंसं, असं तुम्हाला वाटेल. पण ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकजण निघाला की कोयता मोडला, आणि अख्ख्या हंगामाची कमाई गेली. रुक्मिणीबाईंना हे ठाऊक होतं. त्या "येऊ नको" म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावून बसल्या. तरी त्या दिवशीही मी भरलेलाच परत गेलो.

दुसऱ्या दिवशी मामांच्या लुनावर मागे चंद्रभागाबाई बसून आल्या. उंबऱ्यावर बसल्या, मला मध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, "कावून जेवंना गेलीस, रुक्मिणी? माझ्या डब्याला काय झालं?"

"डब्याला काय व्हतंय. लई गुणाचा हाय."

"मग?"

रुक्मिणीबाई पदराचं टोक पिळू लागल्या. मग म्हणाल्या, "तूच सांग. दुसऱ्याच्या घरून कालवण आलेलं भांडं आपण कधी रिकामं धाडलंय का? माझ्या सासूनं न्हाई धाडलं, म्या न्हाई धाडलं. दुष्काळात काही नव्हतं तवा मिठाचा खडा टाकून धाडलं. आन् ह्यो कंडक्टर म्हणतो, रिकामाच पायजे. तसं खाल्लं तर ती भीक झाली. भीक कशी गिळू म्या?"

चाळीस वर्षांत मी एकदाही कुणाच्या घरून रिकामा परतलो नव्हतो, आणि ही साधी गोष्ट माझ्याही ध्यानात आली नव्हती. माझी मलाच चीड आली.

सुग्रीवमामा उभे होते ते खाली बसले. त्यांनी खिशातून लुनाची किल्ली काढली, माझं झाकण मांडीवर घेतलं आणि ‘रिकामा’ हा शब्द खरवडून काढला. करकर आवाज झाला. माझ्या पितळेवर ओरखडे उठले, ते आजही आहेत. चला, दिसण्यापायी अडून बसेन असा मी नाही. निदान त्या दिवशी नव्हतो.

"चुकलं माझं, मावशी," मामा म्हणाले. "आता जेवा."

रुक्मिणीबाई जेवल्या. पहिला घास खाऊन थांबल्या. आम्ही सगळे घाबरलो.

"आमटीत येसर न्हाई," त्या म्हणाल्या. "ती वर्षाराणी पाण्यात तिखट कालवती व्हय?"

चंद्रभागाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. संध्याकाळी मी परत निघालो तेव्हा माझ्या पोटात मूठभर शेंगा खुळखुळत होत्या. रामहरीला फोन गेला, आणि कोयता मोडला नाही.

मामांनी त्याच आठवड्यात उरलेली बावीस झाकणंही खरवडली. मग काय मौज सुरू झाली! डब्यांतून ओवा यायचा, बोरं यायची, फुलवाती यायच्या. परमेश्वरआबा नावाचे एक गृहस्थ एकटेच राहतात, त्यांच्या मागेपुढे कुणी नाही. त्यांनी सुंभ वळून पाठवलं. त्या सुंभाने मामांच्या पिशव्या लुनाला घट्ट बसल्या. रुक्मिणीबाई तर स्वतःच स्वयंपाकघरात येऊन बसल्या आणि वर्षाराणीला आमटीचा मसाला, येसर, कुटायला शिकवलं. तेव्हापासून आमटीचा वास देवळापर्यंत जातो, आणि दर्शनाला आलेली माणसं आधी मागच्या खोलीत डोकावतात.

गुढीपाडव्याच्या सुमाराला गाव परत आलं. रामहरी आणि त्याची बायकोही आली. संध्याकाळी मामा वही घेऊन दारात उभे राहिले.

"मावशी, घरची माणसं आली. आता तुमचं नाव कमी करतो. डबा द्या."

मला वाईट वाटलं. या घराची मला सवय झाली होती. सुनेने मला धुतलं, पुसलं आणि चुलीपाशी नेलं. दोन गरम भाकरी ठेवल्या, वर पिठलं, कडेला कारखान्याच्या गावाहून आणलेला गुळाचा खडा. खडा मोठा होता. झाकण लागेना.

मामा म्हणाले, "अगं, मला जेवण कावून?"

"तुमाला न्हाई, मामा," रामहरी म्हणाला. "ह्यो परमेश्वरआबाला न्या. त्यांचं कुणी आलं न्हाई. रोज संध्याकाळी आमच्या घरून जाईल."

रुक्मिणीबाईंनी झाकणावर हात ठेवून ते दाबून बसवलं. त्यांचा हात बराच वेळ माझ्यावर होता.

मित्रांनो, तुमच्याही घरात फळीवर एखादा डबा असेल, आणि गल्लीत एखादी आजी एकटी असेल. तो डबा उतरवा, घासा, भरा. डबा नसेल तर एक सकाळ द्या, दोरा ओवून द्या. फक्त देताना एवढं करा, तिच्या हातच्या मूठभर शेंगांपुरती जागा डब्यात राहू द्या.

आता मला निघायला हवं. पिठलं गार होतंय, आणि मामांनी "डबल" म्हटलंय.