अकरावी बाई

पिशवीवाल्या बाईंना कापडाने कधी गोंधळात पाडलं नाही. पाडलं ते कागदाने. त्यांच्या गाळ्यात दहा जणी कापडी पिशव्या शिवायच्या. गाळा सवलतीचा, लहान उद्योगांसाठी राखलेला. कामाला हात पुरे पडत नव्हते, आणि नेमकी तेव्हाच धाकटी जाऊ कामाला होती ती गिरणी बंद पडली. ती दारात येऊन म्हणाली, "ताई, मला घ्या ना. घरी बसून डोकं फिरायची वेळ आलीय."

घरचं माणूस, त्यात हाताला वळण. बाईंनी हो म्हणायच्या आधी, सरळपणे, गाळे तपासायला येणाऱ्या सरकारी साहेबांना विचारलं. चूक तिथेच झाली.

"तुमच्यासारखे लहान उद्योग म्हणजे देशाचा कणा," साहेब म्हणाले. "तुम्ही वाढलात तर देश वाढेल."

"मग अकरावी घेऊ?"

"छे. दहाच्या वर गेलात की तुम्ही लहान राहत नाही. गाळा सोडावा लागेल."

"पण तुम्हीच म्हणालात, वाढा."

"वाढा ना. लहान राहून वाढा."

बाईंनी हे वाक्य दोन दिवस उलटंपालटं करून पाहिलं, पण त्याची शिवण काही सापडेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. गाळा गेला तर दहा जणी उघड्यावर; जावेला नाही म्हटलं तर घरात तोंड कसं दाखवायचं?

शेवटी साहेबांनीच तोड काढली: त्याच गाळ्यात जावेच्या नावाने दुसरा उद्योग. बाईंनी कापड आखायच्या खडूने फरशीवर रेघ मारली. पलीकडे जाऊ, एक मशीन आणि दारावर तिच्या नावाची पाटी. साहेब पाहायला आले आणि खूश झाले.

"गेल्या वर्षी इथे एक उद्योग होता, आता दोन. याला म्हणतात प्रगती."

"साहेब, शिवणाऱ्या तर अकराच आहेत," बाई म्हणाल्या. पण साहेब लिहून मोकळे झाले होते.

मग पाटी वाचून शाळेची दप्तरं विकणारा एक दुकानदार शिवणकाम घेऊन थेट जावेकडेच गेला. त्याच्यामागून आणखी दोघे. जावेला मान वर करायला फुरसत मिळेना. बाईंना तिचा अभिमान वाटला आणि जळफळाटही झाला. दोन्ही एकाच वेळी कसं होतं, हे काही त्यांना उमगेना.

महिन्याभराने जाऊ रेघेपाशी येऊन उभी राहिली. रेघ ओलांडून अलीकडे मात्र आली नाही.

"ताई, तुमची बंद लावणारी मावशी माझ्याकडे यायचं म्हणते. तुमची हरकत नसेल तर."

मावशी म्हणजे बाईंचा उजवा हात. ती खाली मान घालून एकच बंद तिसऱ्यांदा शिवत होती.

"घे," बाई म्हणाल्या. का म्हणाल्या, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

मग त्यांनी मोजल्या. उरल्या नऊ. आता साहेबांना न विचारता आणखी एक बाई घेता आली असती. पण जिला घ्यायचं होतं, ती पलीकडे मावशीसाठी स्टूल पुसत होती.