लंबू मिस्त्रींची सीट

"आधी श्वास सोडा. श्वास धरून उंची वाढत नसते," मिस्त्री म्हणाले.

नव्याकोऱ्या स्पोर्ट मोटरसायकलवर बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी श्वास सोडला, तशी गाडी डावीकडे कलली. मिस्त्रींनी हँडल धरलेलंच होतं. बाईंचे चवडे तेवढे कसेबसे फरशीला लागत होते, टाचा अधांतरी. मिस्त्री हळूच खाली बसले, काळ्या रेक्झिनची एक पट्टी त्यांनी बाईंच्या बुटाच्या टाचेखाली सरकवली आणि ओढली. पट्टी अलगद बाहेर आली.

ही त्या दुकानाची पद्धत होती. तिथे माणसाला टेप लावत नसत. गिऱ्हाइकानं रोजचे बूट घालून यायचं, गाडीवर निवांत बसायचं, आणि टाचेखालून पट्टी ओढायची. पट्टी निघाली तर गाडी अजून उंच आहे. पट्टी अडकली, ओढूनही निघेना, की गाडी त्या माणसाची झाली.

"मी दवाखान्यात स्टुलावर उभी राहून दात काढते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पेशंट मला घाबरत नाहीत, त्या स्टुलाला घाबरतात. पण गाडीला काही स्टूल लावता येत नाही."

"स्टूल कशाला? गाडीच खाली आणू की. तुम्ही बुटक्या नाही आहात बाई, गाडीलाच उगाच मान वर करायची सवय लागलीय."

हे वाक्य मिस्त्री येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत आणि प्रत्येकाला ते आपल्यासाठीच आहे असं वाटे. आतल्या खोलीत चाललेलं शिलाई मशीन थांबलं आणि मिस्त्रींच्या बायकोचा आवाज आला, "त्यांचं काही ऐकू नका हो. लग्न ठरलं तेव्हा मलाही असंच काहीतरी गोड बोलले होते." मशीन पुन्हा सुरू झालं.

दुकान दोघांचं होतं. पुढच्या खोलीत मिस्त्री सीटचा फोम खरवडून खाली आणत, मागच्या खोलीत बायको त्यावर नवं कव्हर शिवे. उंच गाडी घ्यायची हौस आणि पाय मात्र पुरेनात, अशी माणसं लांबलांबून येत. मिस्त्री स्वतः ताडमाड, म्हणून सगळे त्यांना लंबू मिस्त्री म्हणत. बायको त्यांच्या छातीपर्यंतसुद्धा पोचत नसे. बुटक्यांच्या गाड्या लंबूनं खाली आणायच्या, यात लोकांना गंमत वाटे आणि मिस्त्रींना, खरं सांगायचं तर, थोडा तोरा.

पण हल्ली एक गोष्ट मिस्त्रींनी सगळ्यांपासून लपवून ठेवली होती. ते पूर्वीइतके लंबू राहिले नव्हते.

गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून त्यांचा खुबा मोडला. खुबा बसवला, काठी आली, काठी गेली. शेवटच्या तपासणीला एका तरतरीत नर्सनं त्यांना भिंतीशी उभं केलं, डोक्यावर पट्टी टेकवली आणि सहज म्हणाली, "आजोबा, मणके दबलेत तुमचे, खुबा मोडल्यानं पायही थोडा आखूड झालाय. वयानं होतं असं, काळजी करू नका." त्यातलं 'आजोबा' मिस्त्रींनी गिळलं असतं. पण आयुष्यभर ज्या दाराच्या चौकटीला वाकून नमस्कार करत ते आत शिरायचे, तिथून आता ताठ मानेनं जाता येतंय, हे त्यांना पचेना. पँट बुटांवर गोळा व्हायला लागली. एके दिवशी कपाटातल्या सगळ्या पँटी दुमडून शिवलेल्या दिसल्या. बायकोनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

पँटीचं एक वेळ चालून जाईल. प्रश्न रविवारचा होता.

मिस्त्रींकडे स्वतःची एक लाल स्पोर्ट मोटरसायकल होती. अपघातात चेचलेली कुणीतरी दुकानात टाकून दिली होती. मिस्त्रींनी ती सवडीनं उभी केली, लाल रंग बायकोनं निवडला. दर रविवारी सकाळी दोघं तिच्यावरून शहराबाहेरच्या टेकडीपर्यंत जात आणि परत येत. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. पण आठवडाभर मशीनवर मान घालून बसणारी ही बाई गाडीवर बसली की बोलायला लागे. बहिणीच्या तक्रारी, लहानपणची भांडणं, मनात येईल ते. घरात ती इतकं कधी बोलत नसे. मिस्त्रींना अर्धं वाऱ्यात ऐकू येत नसे, तरी ते "हं" म्हणत.

खुबा बरा झाल्यावर ते पहिल्यांदा निघाले, आणि सिग्नलला थांबताना मिस्त्रींचा पाय जमिनीला लागलाच नाही. म्हणजे लागला, पण अपेक्षेपेक्षा उशिरा. गाडी कलली, मागून बायकोनं खांदा घट्ट धरला, कसंबसं सावरलं.

"पायाखाली दगड आला," मिस्त्री म्हणाले.

"हो का," बायको म्हणाली.

त्यानंतर ती तेवढंही बोलली नाही. आणि त्या दिवसापासून मिस्त्रींना एकच भीती लागली. आज ना उद्या ही म्हणणार, अहो, पुरे आता. तिनं असं म्हटलं की संपलंच. बायकोचा शब्द त्यांनी तोंडानं कधी मानला नव्हता आणि मोडला तर त्याहून नव्हता.

इलाज त्यांच्याइतका कुणाला ठाऊक? सीट खरवडायची. पण सीटला हात लावायचा म्हणजे कव्हर उसवायचं, आणि कव्हर बायकोच्या हातचं. लपणार कसं? मग उरला दुसरा रस्ता. मागच्या शॉकअपला चाकाशी जोडणारी दांडी, म्हणजे लिंक, बदलून लांब घालायची, पुढच्या चाकाचे पाइप क्लँपमधून तेवढेच वर सरकवायचे, की सगळी गाडीच खाली बसते. बायको बहिणीकडे गेली तो दिवस मिस्त्रींनी साधला. चोरासारखं दार लोटून काम केलं, हात धुतले, गाडी दुकानातल्या नेहमीच्या कोपऱ्यात लावली आणि ती घरी आली तेव्हा पेपर वाचत बसले. पेपर सरळ होता, एवढंच काय ते त्यांनी शहाणपण दाखवलं.

हे सगळं झालं होतं कालच.

"आता नीट ऐका," मिस्त्री डॉक्टरीणबाईंना सांगत होते. बाई गाडीवरून उतरल्या होत्या आणि मिस्त्री त्यांच्या गाडीच्या साइड स्टँडपाशी वाकले होते. "सीट कमी करून तुमचं भागणार नाही, लिंकही बदलावी लागेल. आणि लिंक बदलली की हा स्टँड कापून आखूड करायचा. लोक इथेच चुकतात. गाडी खाली येते, स्टँड मात्र लांबच राहतो. मग गाडी तिरकी उभी न राहता सरळ उभी राहते, आणि सरळ उभ्या गाडीचा काही भरवसा नाही. नुसतं बोट लावलं तरी..."

डॉक्टरीणबाई मन लावून ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी हातातलं हेल्मेट शेजारच्या लाल गाडीच्या आरशाला अडकवलं.

लाल गाडी क्षणभर विचार करत उभी राहिली आणि मग धाडकन पलीकडे आडवी झाली. मिस्त्री तोंड उघडं टाकून बघत राहिले. उभ्या आयुष्यात त्यांनी शेकडो गाड्या खाली आणल्या होत्या आणि एकीचाही स्टँड कापायला विसरले नव्हते. पण खाली आणलेल्या गाड्या म्हणजे गिऱ्हाइकांच्या. आपली गाडी त्यांतली आहे हे त्यांच्या मनानं धरलंच नव्हतं.

"अरे देवा, माझं हेल्मेट!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि वाकून चाकाखाली बघत पुढे म्हणाल्या, "पण मिस्त्री, तुम्ही आत्ता सांगितलंत तस्संच झालं की हो! ही कुठल्या बुटक्याची गाडी?"

मशीन थांबलं होतं. बायको दारात उभी होती. तिची नजर आडव्या गाडीवरून, उघड्या पडलेल्या नव्या चकचकीत लिंकवरून फिरत मिस्त्रींवर आली. त्या नजरेपुढे कोणतंही पितळ उघडं पडलं असतं.

"यांचीच," ती म्हणाली.

तिघांनी मिळून गाडी उचलली आणि भिंतीला टेकवली. एक आरसा तुटला होता, बाकी ठीक होतं. डॉक्टरीणबाईंनी एकदा मिस्त्रींच्या दुमडलेल्या पँटीकडे बघितलं, आणि त्यांच्या सगळं लक्षात आलं. त्या हसल्या, पण चांगलं हसल्या.

"या मिस्त्री," त्या म्हणाल्या. "या आमच्या बुटक्यांत. मंडळी बरी आहेत." आणि आपली गाडी तिथेच ठेवून त्या दवाखान्यात गेल्या.

बायकोनं दार लावून घेतलं.

"दगड नव्हता ना?"

"नव्हता."

"मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. सगळ्या जगाच्या सीटा मी शिवल्या, घरातल्या माणसाची शिवता आली नसती होय?" ती खाली बसली आणि तिनं लिंकवरून बोट फिरवलं. "आणि हे केलंत ते कुणासाठी? दोघं बसलो की गाडीचं पोट पहिल्याच स्पीडब्रेकरला घासणार. मला कुठे ठेवणार होतात? घरी?"

मिस्त्री मटकन स्टुलावर बसले. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्या रविवारसाठी एवढी चोरी केली, त्यातून त्यांनी नेमकं हिलाच वगळलं होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की खुबा दुखायचा थांबला.

"मला वाटलं, तू म्हणशील की आता पुरे," ते म्हणाले.

"मी म्हटलं कधी?"

"म्हणाली नाहीस म्हणूनच तर भीती वाटत होती."

बायकोला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही तिनं ओठात दाबून धरलं. मग उठली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "जुनी लिंक घाला परत. पाइपही होते तसे करा. आणि सीट काढून द्या इकडे."

दुपारभर दुकान बंद होतं. बाहेर कुणीतरी दोनदा हाक मारून गेलं, दोघांनीही ओ दिली नाही. बायकोनं स्वतःच्याच हातचे टाके एकेक करून उसवले. उघडा फोम गाडीवर बसवला आणि म्हणाली, "चढा. बूट रोजचेच आहेत ना?"

मिस्त्री चढले. आजवर या दुकानात गिऱ्हाइकाच्या जागी ते कधी बसले नव्हते. खाली बसलेली बायको खडूनं त्यांच्या मांड्यांच्या आतल्या बाजूनं फोमवर खुणा करत होती.

"समोरची बाजू नुसती खाली नको, दोन्हीकडून बारीकही करू," ती म्हणाली. "मांड्या फाकल्या की पाय फुकट जातो. ताठ बसू नका हो. फोटो नाही काढत मी."

"ताठ नाही बसलो. मी असाच आहे."

"होतात."

मिस्त्री हसले. त्यांना वाटलं होतं, हा शब्द ऐकताना काळजाला घरं पडतील. पण तिच्या तोंडून तो साधाच वाटला, पँट दुमडण्याइतका साधा. ते उतरले, फोम खरवडला, पुन्हा चढले. तिनं टाचेखाली पट्टी सरकवली, ओढली, पट्टी निघाली. पुन्हा उतरले, पुन्हा चढले. चढता-उतरता त्यांना दम लागला तेव्हा तिनं चहा केला आणि तोही त्यांनी गाडीवर बसूनच प्याला. शेवटी पट्टी अडकली.

"नीट ओढतेस ना? का माझं मन राखतेस?"

"तुम्हीच ओढा."

मिस्त्रींनी वाकून पट्टी धरली आणि ओढली. पट्टी हलेना. आजवर अडकलेली पट्टी पाहून गिऱ्हाइकांचे चेहरे का उजळतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्यांना खरोखर फार बरं वाटलं.

संध्याकाळी तिनं कव्हर शिवलं. जुन्याच कव्हरचं नवं माप केलं. इतकं बेमालूम, की शिवण शोधावी लागे.

रविवारी सकाळी रस्ते रिकामे होते. मिस्त्रींनी गाडी चालू केली, बायको मागे चढली. पहिल्या चौकापर्यंत ती काहीच बोलली नाही, आणि मिस्त्रींना वाटलं, झालं, अजून मनातून गेलेलं दिसत नाही. तेवढ्यात मागून आवाज आला.

"अहो, पुढे खड्डा आहे."

"दिसतोय."

"तो टेम्पो वळतोय बघा."

"अगं, दिसतोय मला!"

"डावीकडून कुत्रं येतंय."

मिस्त्री वैतागले. बहिणीच्या तक्रारी करायच्या सोडून हिला आज झालंय काय? इतक्या वर्षांत हिनं रस्त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. पुढे सिग्नल लाल झाला. गाडी थांबली. दोन्ही टाचा रस्त्यावर पुऱ्या टेकल्या, आणि मिस्त्रींनी मान वळवली.

"तुला एवढं सगळं दिसतंय तरी कुठून?"

"तुमच्या डोक्यावरून," बायको म्हणाली.

मिस्त्रींची सीट खाली गेली होती, ते स्वतः खाली आले होते, आणि तिची मागची उंच जागा होती तिथेच राहिली होती. म्हणजे इतके रविवार ही बाई त्यांच्या जाकिटाची पाठ बघत टेकडीपर्यंत जात होती आणि परत येत होती. एकदाही म्हणाली नाही. त्यांना वाईट वाटलं, आणि त्याच वेळी तिचा तो नवा, अधीर आवाज ऐकून आनंदही झाला. कशाचं पारडं जड ते त्यांना ठरवता येईना.

"अहो, हिरवा झाला. चला ना," ती म्हणाली. "पार टेकडीपर्यंत मोकळा आहे रस्ता. किती लांबवर दिसतं हो इथून!"

मिस्त्रींनी गिअर टाकला, आणि टाकताना मान आणखी जराशी खाली घातली.