डाव्या बाजूचा वायपर

मी एक जुना वायपर आहे, मित्रांनो. नेमकं सांगायचं तर वायपरचा लोखंडी दांडा. माझ्या अंगावरची रबरी पट्टी दरवर्षी बदलतात, मी मात्र सतरा वर्षं त्याच निळ्या पिकअप गाडीवर आहे. डाव्या बाजूला, चालकाच्या अगदी डोळ्यांसमोर; आमच्याकडे चालक डावीकडे बसतो. कॅनडातल्या आमच्या सास्काचेवानच्या माळावर सहा महिने बर्फ असतं, तेव्हा माझं काम किती, हे तुम्हीच समजा.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. तापवलं, वाकवलं, काळा रंग दिला आणि पोटात एक स्प्रिंग बसवली, एवढंच. माझं खरं आयुष्य ओरेस्ट आजोबांच्या हातात सुरू झालं. धान्याच्या कोठारावरची यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. रविवारी चर्चहून आले की ते कोट न काढताच माझ्याकडे यायचे. ओल्या फडक्याने रबर पुसायचे, सांध्यात तेलाचा थेंब सोडायचे, बुडाचा नट पान्याने तपासायचे. हिवाळ्यात रोज संध्याकाळी आम्हा दोघा वायपरना काचेपासून उचलून उभं करून ठेवायचे, म्हणजे आम्ही काचेला गोठून चिकटत नसू. बर्फात हात वर करून उभं राहायचं! पण त्यातही मला मान वाटायचा.

त्यांची बायको व्हर्ना पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्या, करून दारातून ओरडायची, "त्या वायपरचे लाड पुरे कर! पिरोगी गार झाल्या!"

"तू खायला घे. मी याला झोपवून येतो," आजोबा म्हणायचे.

मग आजोबांची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तेही नव्वद किलोमीटरवर, शहरात. एकही फेरी चुकवायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. गाडी आता व्हर्ना चालवू लागली आणि आजोबा शेजारी बसू लागले. माझ्याकडे बघायला कोणी उरलं नाही. ऑक्टोबरात एकदा आजोबा पाना घेऊन आले होते. माझा नट सैल झालेला त्यांना दिसला. त्यांनी जोर लावला, पण पाना निसटून खाली पडला. त्यांनी तो उचलून गाडीच्या कप्प्यात टाकला. घरात गेले आणि नट सैल तो सैलच राहिला. मला फार वाईट वाटलं.

जानेवारीतली गोष्ट. व्हर्ना दमूनभागून घरी आली आणि तिने आम्ही चालू असतानाच गाडी बंद केली. मी काचेच्या मधोमध थांबलो आणि तिथेच गोठलो. सकाळी तिने किल्ली फिरवली. मोटर मला ओढायला लागली, बर्फ मला सोडेना. कडकन आवाज झाला. माझ्या बुडाशी बारीक दाते असतात, ते मोटरच्या दांड्यावर घट्ट बसलेले असतात. नट आधीच सैल, त्यात हा हिसका, मग दाते घासले गेले. व्हर्नाने काच गरम हवेने मोकळी केली, मला हलताना पाहिलं आणि निघाली.

अर्ध्या वाटेत समोरून धान्याचा ट्रक गेला आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा काळा राडा आमच्या काचेवर फेकून गेला. मी निम्मा उठलो, घसरलो आणि खाली पडून राहिलो. व्हर्नासमोर नुसता चिखल.

"ओरेस्ट, मला काहीच दिसत नाहीये!"

उजव्या बाजूचा माझा भाऊ मात्र चालत होता. आजोबांपुढची काच स्वच्छ होती.

"मला दिसतंय," आजोबा म्हणाले. "घाबरू नकोस. ब्रेक दाबू नकोस, नुसता पाय काढ. थोडं उजवीकडे... बास, सरळ. मागे कोणी नाही. अजून उजवीकडे घे. आता थांब."

गाडी कडेला थांबली. व्हर्नाचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात. आजोबा दार उघडायला लागले, तशी ती गरजली, "खबरदार उतरलास तर! काय करायचं ते सांग मला."

त्यांनी कप्प्यातून पंधरा नंबरचा पाना काढून दिला आणि खिडकी खाली करून एकेक सांगत गेले. नटावरचं टोपण किल्लीने उचकट. बर्फ पूस. मला नीट जागेवर बसव. आता पिळ. अजून पिळ. तिची बोटं निळी पडली, पण माझी पकड बसली.

गाडीत परत येऊन तिने विचारलं, "हा नट सैल आहे हे तुला माहीत होतं?"

"ऑक्टोबरपासून. माझ्या हातून होईना."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तेवढं एकच काम उरलं होतं गं माझ्याकडे. तेही तुला दिलं, तर मी कशाला हवा?"

"अरे मूर्ख माणसा," व्हर्ना म्हणाली आणि रडायलाच लागली, "असा शेजारी बसायला!"

त्या दिवशी ते चाळीस मिनिटं उशिरा पोहोचले, पण पोहोचले. पुढच्या आठवड्यात माझ्या बुडाचा झिजलेला भाग बदलला, आणि त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी आजोबा सीटवर बसून तिला शिकवत राहिले. कधी चिडायचे, कधी ती चिडायची. एप्रिलात बर्फ वितळलं आणि आजोबा गेले.

मित्रांनो, वायपरला फडकं, तेल आणि पाना एवढंच लागतं. ते वेळेवर द्या. पण माझं मागणं तेवढंच नाही. आजोबांनी तीन महिने लाजेने तोंड मिटून ठेवलं, आणि व्हर्नानेही कधी विचारलं नाही. शिकवायला त्यांना मग अकरा रविवार मिळाले. बारावा ती एकटीच आली. तिने नट तपासला, बरोबर केलं, आणि सवयीने सीटकडे वळून म्हणाली, "बघ रे, जमलं का?"

तुमच्या घरात असं लाजेने गप्प राहिलेलं कोणी असेल, तर आजच त्याच्याजवळ जाऊन बसा.